कापून घेतलेला कर

"ती काही विचारणार नाही. कागद पुढे सरकवला की सॉरी म्हणून सही करेल."

पार्टिशनच्या पलीकडून दादांचा आवाज आला. त्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, हळू बोला. यायची वेळ झालीय तिची."

मी आलेच होते. दारात बूट काढून, नेहमीसारखी आवाज न करता बाहेरच्या खुर्चीवर बसले होते. बॅगेत दोन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा होत्या.

दादा माझे सख्खे भाऊ नव्हेत, आमच्या अम्ब्रेला कंपनीचे मालक आहेत, आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, तिथली कागदपत्रं सांभाळतात. इथे जपानमध्ये, कावासाकीतल्या ज्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासते, ते माझ्यासारखीशी थेट करार करत नाही. मध्ये अशी एक अम्ब्रेला कंपनी लागते. ऑफिस तिला पैसे देतं, ती आपला वाटा ठेवून मला पगार देते.

नियम साधा आहे, पण मला तो फार उशिरा कळला. मधली कंपनी नोकरीवर ठेवून पगार देत असेल, तर दर महिन्याला कर कापून सरकारकडे भरणं, वर्षअखेरीला तो जुळवून घेणं आणि जानेवारीत महापालिकेला पगार कळवणं हे तिचं काम. पेन्शन आणि विम्यातला अर्धा वाटाही तिचा. तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक असाल, तर रिटर्न तुम्ही स्वतः भरायचं, मार्चच्या मध्याच्या आत. दादांनी कापाकापी पहिल्या नियमाने केली आणि कागद दुसऱ्या नियमाने, मी स्वतंत्र व्यावसायिक असल्यासारखे ठेवले.

हे मला इचिकावाच्या महापालिकेत समजलं. व्हिसा वाढवायला कराचा दाखला हवा होता. खिडकीतल्या वयस्क गृहस्थांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि मला अवघडल्यासारखं वाटू नये इतक्या हळू आवाजात विचारलं, "गेल्या वर्षी आपण काम करत नव्हता का?" त्याआधीच्या वर्षीही माझ्या उत्पन्नाची नोंद नव्हती. आरोग्य विम्याचा हप्ता नोंदलेल्या उत्पन्नावर ठरतो; माझा इतका कमी का येतो, ते तेव्हा लक्षात आलं. जपानमध्ये विमा किती स्वस्त आहे म्हणून मी आईला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं. महापालिकेच्या लेखी मी दोन वर्षं बेकार होते.

ग्योतोकुला घरी परतताना ट्रेनमध्ये मला राग आवरत नव्हता. दादांवरचा राग सरळ होता. माझ्यावरचा जास्त वाईट होता. इंग्रजी करार मी ओळ न ओळ वाचला होता. जपानी करार पुढे आला तेव्हा दादा म्हणाले, "सेम टू सेम आहे गं." आणि मी सही केली. ज्यांनी खोली मिळवून दिली, ज्यांच्या घरून पहिल्या दिवाळीत चकल्या आल्या, त्यांना "घरी नेऊन वाचते" कसं म्हणायचं? जपानी मालक असता तर म्हटलं असतं. दादा म्हटलं की तोंडच बंद होतं.

डिसेंबरात शेजारच्या टेबलावरची मुलगी कराचा फॉर्म भरत होती. तुझा भरलास का, असं तिने विचारलं. मी दादांना मेसेज केला. उत्तर आलं, "आपल्या माणसांचं आपण बघतो." मी जोडलेल्या हातांची खूण पाठवली. त्या नमस्काराची आजही चीड येते.

दाखल्याचं मी दादांना कळवलं, तेव्हा त्यांनीच आज मला बोलावून घेतलं होतं. वहिनी पार्टिशनमागून बाहेर आल्या आणि मला पाहून थबकल्या. "अगं, केव्हा आलीस? चहा टाकते."

आत दादांनी कागद पुढे सरकवला. खाली माझं नाव आधीच छापलेलं होतं. मी सुरुवातीपासून स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करत होते आणि कराची जबाबदारी माझीच होती, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं.

"फॉर्मॅलिटी आहे," दादा म्हणाले. "तू उशिरा रिटर्न भर, थोडा दंड बसेल, दाखला मिळेल, व्हिसा होईल. उगाच ताणलंस तर महिनाभरात बॅग भरावी लागेल. मला काय, मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

व्हिसाला खरंच महिनाच उरला होता. सही केली असती तर कदाचित सगळं निभावलंही असतं. माझ्याकडून एकदा कापून घेतलेला कर मी पुन्हा भरला असता, आणि हा खोटा कागद कायम त्यांच्या कपाटात राहिला असता.

"पेन हवंय का?" दादांनी विचारलं.

वहिनींनी चहा आणून ठेवला. मी कपाला हात लावला नाही. बॅगेतून स्लिपा काढून त्या कागदावर ठेवल्या. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"दादा, चोवीस महिने तुम्ही माझ्या पगारातून कर कापलात. तो कुठे भरलात ते तुम्ही मला लिहून द्या. मी काही लिहून देणार नाही. उद्या सकाळी या स्लिपा घेऊन मी टॅक्स ऑफिसला जाणार आहे."