मनी कसायला जातो

लग्नाचं दुसरं वर्ष होतं आणि दुष्काळाचंही दुसरंच. गावच्या दूध सोसायटीची एक जीप होती, ती आमचे हे चालवायचे. सकाळी दुधाचे कॅन घाटनांदूरला पोचवायचे, येताना छावणीतल्या जनावरांसाठी कडबा आणायचा, एवढंच काम. तरी परतायला दिवस कलायचा. मी तेव्हा अशी अक्कलवान, की विहीर आटल्याची काळजी सोडून नवऱ्याचा सदरा हुंगत बसायचे. अत्तर लागतंय का बघायला. लागायचा तो धूर.

एकदा घाटनांदूरचा गॅरेजवाला मिस्त्री कडब्याच्या गाडीबरोबर आमच्याकडे आला. दोघं ओसरीवर चहा पीत होते, मी चुलीपुढे. ह्यांचा आवाज कानावर आला, "मनी लई तापतीय बे."

"तापल्यावर हात लावू नको," मिस्त्री म्हणाला. "गार होऊ दे, मग हळूहळू ढिली कर."

"आन तुटली म्हंजी?"

"दुसरी बसवू. हाय काय त्यात!"

तव्यावरची भाकरी करपली. म्हणजे बाईचं नाव मनी! आणि ही तुटली तर दुसरी तयारच!

दुसऱ्या दिवशी निघताना हे म्हणाले, "आज उशीर व्हईल. मनी कसायची हाय." तोंडावर सांगतात, जरा लाज नाही! मी मागून एसटी पकडली. मनीच्या झिंज्या धरायच्या म्हणून पदर आधीच खोचलेला.

गॅरेजात हे जीपच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेले.

"कुठाय ती मनी?"

ह्यांनी काळं तोंड बाहेर काढलं आणि जमिनीवर पडलेली एक गंजकी, वाकडीतिकडी नळी दाखवली. "ही काय."

इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारं ते मॅनिफोल्ड. गॅरेजात त्याची मनी झाली होती.

"बिडाची हाय, वयनी," मिस्त्री म्हणाला. "वाकत न्हाई, तडकती."

"म्हंजी बीडची हाय व्हय ती?" मी चवताळून विचारलं. दोघं पोट धरधरून हसले. बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

मला मात्र खात्री पटेना. बाई लपवून नळी पुढे केली असेल तर? मी एका पालथ्या डब्यावर ठाण मांडलं. मनीला इंजिनाशी धरून ठेवतात ते स्टड, दोन्ही टोकांना आटे असलेले. त्यातला एक तुटून आत अडकला होता, तो त्यांनी रॉकेल मुरवून काढला होता. नवे स्टड मिस्त्री नुसत्या बोटांनी फिरवत होता.

"पाना कावून लावीत न्हाई?" मी दरडावलं.

"वाकडा शिरला तर आटे खाईल, वयनी."

बोटं अडली तेव्हा त्यानं स्टडच्या बाहेरच्या टोकावर दोन नट चढवून एकमेकांवर आवळले, आणि त्यांना पाना लावून स्टड आत टेकवला. नट काढून मग मनी चढवली. तिचे नट मधून कडेकडे, थोडेथोडे करत आवळले. इंजिन तापवलं, गार होऊ दिलं, पुन्हा एकदा पाना फिरवला.

"आता वरीसभर हिच्याकडं बघायचं काम न्हाई," मिस्त्री म्हणाला.

ह्यांनी त्याच्याकडे डोळे वटारले. ते मी बरोबर टिपलं.

आठवडाभरानं हे पुन्हा म्हणाले, "मनी कसायला जातो." मी जाऊ दिलं. संध्याकाळी सदरा हुंगला. धूर नव्हता. तळणीचा वास होता, ओव्याचा. घरी आम्ही तेलाचं बोट तव्याला पुसून दिवस काढत होतो!

"कुनाच्या हातची भजी?"

"कसली भजी?"

"मनीकडं वरीसभर बघायचं न्हाई, म्हनला मिस्त्री. भजी कुनी तळली?"

ह्यांनी मान खाली घातली. "स्टँडवरच्या हाटेलात. लई वास सुटलाता गं."

दुसऱ्या दिवशी मी कॅनशेजारी बसून गेले. कढईपुढे एक मिशाळ बाप्या घामाघूम उभा दिसला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग आम्ही दोघांनी भजी खाल्ली.

आता जीप नाही, सोसायटी नाही, ह्यांना दातही नाहीत. तरी मनात आलं की विचारतात, "मनी कसायला जायचं का?" मी लगेच चपला घालते. हाटेल आता त्या मिशाळ्याची सून चालवते. ह्यांना एकट्याला कशाला सोडू?