यादीत नसलेला टोनी

१९६२च्या नोव्हेंबरात मी म्युनिकला रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि फ्राऊ लिंडनर यांच्या घरी भाड्याने राहत होते. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "फ्राऊलाइन, रविवारी माझ्या गावी याल का? सोबतीला कुणीतरी हवंय." साठीची बाई, एरवी कुणाकडे चिमूटभर मीठही मागायची नाही. शनिवारची प्रयोगशाळा बुडवायचं मी तिथल्या तिथे ठरवलं.

म्युनिकहून रेगेन्सबर्गपर्यंत रेल्वे आणि पुढे तासभर पोस्टबस. तुम्हीही जाणार असाल तर शनिवारीच पोहोचा, रविवारी बस नसल्यातच जमा. डावीकडे बसा म्हणजे डॅन्यूब दिसते. मला ती फारशी दिसली नाही, कारण बाई बोलायला लागल्या होत्या.

त्यांचा धाकटा भाऊ आंतोन क्राइल, घरच्यांचा टोनी, सुतार होता आणि हिटलरचा कट्टर विरोधक. हिटलर आल्यावर जीव वाचवून फ्रान्सला पळाला आणि तिथून स्पेनला गेला. स्पेनमध्ये सेनापतींनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं होतं आणि देशाची दोन शकलं होऊन यादवी पेटली होती. हिटलरने बंडखोरांना विमानं आणि वैमानिक पुरवले. सरकारच्या बाजूने लढायला जगभरातून स्वयंसेवक आले, त्यांच्या ब्रिगेड उभ्या राहिल्या. त्यांत हजारो जर्मन होते. टोनी माद्रिदच्या बचावात होता, हारामाच्या ऑलिव्हबागांत लढला आणि अडतीस साली एब्रो नदीकाठी पडला.

"उद्या शोकदिन आहे," बाई म्हणाल्या. "चर्चनंतर युद्धात पडलेल्यांची नावं वाचतात. टोनीचं वाचत नाहीत. पाच वर्षं विनंती केली. गेल्या वर्षी मी स्वतः म्हणायला तोंड उघडलं, तर माजी सैनिक संघाच्या अध्यक्षांनी बँडला खूण केली."

"मग या वर्षी?"

"या वर्षी परत उघडणार."

मला ही बाई त्या क्षणी फार आवडली.

गास्टहाऊसमधली खोली बर्फासारखी थंड, पण पिसांची दुलई अप्रतिम. मी मांस खात नाही म्हटल्यावर मालकीणबाई प्रेमाने म्हणाल्या, "मग थोडंसंच घालते." शेवटी बटाट्याचे उकडलेले गोळे आणि आंबट कोबी यांवर निभावलं. शाकाहारी मंडळींनी पिशवीत चिवडा ठेवावा.

रविवारी पाऊस भुरभुरत होता. स्मारक म्हणजे चर्चसमोरचा एक उंच दगड. माजी सैनिक छातीवर पदकं लावून रांगेत उभे, बाजूला बँड आणि त्यापलीकडे तीन छोट्या तोफा. यादी संपली की बँड आणि मग तोफा, असा रिवाज. अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे धिप्पाड गृहस्थ, एकेक नाव आणि पडल्याचं ठिकाण वाचत होते. मध्येच ऐकू आलं, "वैमानिक, स्पेन." मी चमकून बाईंकडे पाहिलं. त्या ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या.

यादी संपली. माझ्या हातात बाईंनी दिलेली शेवंती होती, ती वाहायला मी पुढे झाले. दगडापाशी पोहोचताच सवयीने वाकले, बूट काढले, मोजे काढले आणि साडीवर ओव्हरकोट अशा अवतारात ओल्या खडीवर अनवाणी उभी राहून शेवंती वाहिली, हात जोडले. मृतांसमोर जोडे घालून उभं राहायचं नाही, हे आमच्या हाडीमासी मुरलेलं. पण समोर सगळे दगड झाले होते. बँडमास्तरची काठी हवेतच राहिली.

तेवढ्यात मागून बाईंचा खणखणीत आवाज आला. "आंतोन क्राइल. सुतार. एब्रो, स्पेन."

मग काठी खाली आली आणि बँड घाईघाईने वाजू लागला. पण नाव सगळ्यांच्या कानांत गेलं होतं. माझे पाय बधिर झाले होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

तोफा झाल्यावर अध्यक्ष तरातरा आले. "फ्राऊलाइन, हा काय तमाशा?"

"तमाशा नाही. आमच्याकडे मृतांना असाच मान देतात."

ते बाईंकडे वळले. "तुमचा भाऊ परक्यांच्या युद्धात मेला!"

मला राहवलं नाही. "तुमचा वैमानिकही तिथेच मेला ना?"

"तो आपल्या सैन्यात होता. हिचा भाऊ त्याच सैन्याविरुद्ध लढला!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. "म्हणूनच त्याचं नाव हवंय."

अध्यक्ष आले तसे तरातरा परत गेले. रांगेतले दोघं-तिघं स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. शाबासकी कुणी दिली नाही, हे सांगितलंच पाहिजे.

आठवड्याभरात म्युनिकला अध्यक्षांचं पत्र आलं: पुढल्या वर्षी कृपया येऊ नये. बाईंनी ते वाचलं, चुलीत टाकलं आणि मला विचारलं, "पुढल्या नोव्हेंबरात मोकळ्या आहात ना?" आम्ही गेलो. बूट मी या वेळी मुद्दाम काढले. पदवी मिळेपर्यंत चार वर्षं काढले, आणि दर वर्षी त्यांनी नाव म्हटलं.

मी पुण्याला परतले. त्या गेल्याचं पत्र आलं तेव्हा खूप रडले, आणि मग मला राग आला, कारण दगडावर टोनीचं नाव नव्हतंच. आजही नाही. गेल्या वर्षी एरलांगेनला शिकणाऱ्या माझ्या भाचीने खास जाऊन पाहिलं. तेव्हा जर्मनीत शिकणाऱ्या मुलामुलींनो, नोव्हेंबरातला शोकदिनाचा रविवार त्या गावासाठी काढा. यादी संपून बँड सुरू होईपर्यंत दोन श्वासांचा वेळ मिळतो. नाव तेवढ्यात बसतं, फक्त मोठ्याने म्हणा.