सायलेन्सरला माशाचं तेल

मला नको तिथे हसू येतं. अंतरपाट धरला होता तेव्हाही मी खुदुखुदु हसत होते, आणि सासूबाईंच्या मनातून मी तिथेच उतरले. पण पासिंगच्या मैदानावर त्या दिवशी जेवढी हसले तेवढी आयुष्यात कधी हसले नसेन. खरं तर वेळ हसण्याची अजिबात नव्हती.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी विक्रोळीच्या चाळीतून वेसाव्याच्या कोळीवाड्यात सून म्हणून आले. सासरे वारल्यावर सासूबाईंनी घरची होडी विकून एक जुना डिझेल ट्रक घेतला होता. पहाटे धक्क्यावरून मासळी उचलायची आणि अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या बाजारांत बसणाऱ्या कोळणींना पोचवायची. चालवायचा माझा नवरा, मालकीण त्या. होडी विकून ट्रक घेणारी बाई म्हणजे कोळीवाड्यात आक्रीतच! त्यांच्या धाकट्या दिरांना तर ते मुळीच रुचलं नव्हतं. ते नाखवा, म्हणजे स्वतःच्या होडीचे मालक. आवाज भरदार, मिशा त्याहून भरदार. "वैनी, होडी विकून पत्र्याचा डबा घेतलास," असं येताजाता ऐकवायचे.

आणि डबा नेमका नापास होऊ लागला. दरवर्षी गाडी आरटीओत नेऊन पास करून घ्यावी लागे. मासळीच्या पाट्यांतून बर्फाचं खारं पाणी दिवसभर खाली गळायचं, त्याने सायलेन्सर पार कुजला होता. धूर मागून यायचा तो मधूनच यायचा, आणि आवाज असा की समोरच्या इमारतीतली पोरं रडत उठायची. पहिल्यांदा नापास. नवऱ्याने भोकांवर पत्रा ठोकून तारेने आवळला, तर तो पत्रा इन्स्पेक्टरच्या बुटाशी खळ्ळकन पडला. दुसऱ्यांदा नापास.

त्या रागात सासूबाई भर कोळीवाड्यात बोलून गेल्या, "तिसऱ्यांदा नापास झाली तर गाडी विकते न् घरात बसते!"

नाखवांनी शब्द पकडला. "मी येतो ना मैदानात. चावी तिथंच दे मना, गिऱ्हाईक मी बघतो."

सासूबाई शब्द फिरवणाऱ्यांतल्या नव्हत्या. आमचं दोघींचं फारसं जमत नसे, पण पहाटे केबिनमध्ये चढताना त्यांचा खुललेला चेहरा मी रोज बघत होते. गाडी गेली असती तर ती बाई घरात बसून बोंबलासारखी सुकली असती.

लोक पासिंगपुरते भाड्याने टायर आणायचे, तसा नवरा म्हणाला, शेजारच्या गाडीचा सायलेन्सर एक दिवस लावू. सासूबाई कडाडल्या, "लग्न माझं न् मंगळसूत्र शेजारणीचं?" विषय संपला. कंपनीचा सायलेन्सर परवडणारा नव्हता, म्हणून आम्ही मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथला मिस्त्री पत्रा वाकवून, वेल्डिंग करून हव्या त्या गाडीला हवा तो सायलेन्सर बनवून द्यायचा. वर त्याचा थाट बँडवाल्याचा.

"आवाज कसा देऊ, काकू? घुमणारा, की गप्प राहणारा?"

"गप्प राहणारा," सासूबाई म्हणाल्या. "माझे सुनेसारखा नको."

मिस्त्री हसला, नवरा हसला, आणि मीही हसले, म्हणजे त्यांचं म्हणणं मीच खरं करून दाखवलं.

जुने बोल्ट गंजून एकजीव झालेले. छिनी-हातोड्याने ते तोडण्यात सकाळ गेली. सासूबाई स्टुलावर बसून "जरा डावीकडं, वाकडा दिसतंय" अशा सूचना देत होत्या, आणि गाडीखालून मिस्त्री दर सूचनेला "होय काकू" म्हणून स्वतःला हवं तेच करत होता. शेवटी नवा पाइप क्लॅम्पमध्ये आवळला. नवऱ्याने चावी फिरवली आणि लगेच डोकं बाहेर काढून विचारलं, "बंद पडली काय?" इतकी गाडी शांत! सासूबाईंनी तिथल्या तिथे बंपरवर नारळ फोडला. घरी येईपर्यंत आम्ही तिघं केबिनमध्ये गाणी म्हणत होतो. त्या सुद्धा.

संध्याकाळी त्यांनी काथ्याचा बोळा काठीला बांधला, चटई अंथरली आणि गाडीखाली शिरल्या. होडी पाण्यात सोडण्याआधी तिच्या बुडाला माशाचं तेल फासतात, म्हणजे लाकडाला खारं पाणी बाधत नाही. तोच न्याय सायलेन्सरला. पुढच्या टोकापासून मागच्या तोंडापर्यंत तेलाचे दोन जाड थर दिले. "नवा माल हाय, उघडा कसा सोडायचा?" आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तेलाचा डबा धरून मीच उभी होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान गाठलं. घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वाटेत थोडा वास आला एवढंच. कोळीवाड्यातल्या गाडीला मासळीचा वास यायचाच, कोण लक्ष देतो? नाखवा आधीच येऊन उभे होते, नवीकोरी टोपी घालून. रांग मोठी. नंबर लागेपर्यंत गाडी बंदच.

इन्स्पेक्टर चष्मेवाला, काडीसारखा माणूस. दिवे बघितले, ब्रेक बघितले. मग पाइपच्या तोंडापुढे पांढरा रुमाल धरून म्हणाला, "रेस करा. थांबू नका." नवऱ्याने पाय दाबला. थोड्या वेळाने इन्स्पेक्टरने रुमाल बघितला. रुमाल जवळपास पांढराच! सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट दाबला की वळ उठला.

आणि गाडीच्या पोटाखालून धूर निघाला. आधी एक बट, मग दोन, मग चारी बाजूंनी पांढरे लोट. बांगडा तव्यावर विसरला की घरात जो वास सुटतो, तो अख्ख्या मैदानावर सुटला. कुठल्या कुठल्या मांजरी धावत आल्या. एक बोका तर थेट चाकाशी येऊन बसला, पान वाढल्यासारखा. रांगेतला एक ड्रायव्हर ओरडला, "ओ काकू, भाकरी पण आणलीय ना?" कुणीतरी वाळूची बादली घेऊन धावला, तो मांजरीवर अडखळला आणि वाळू इन्स्पेक्टरच्या पँटवर. मी पोट धरून खाली मातीतच बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यातलं हसण्याचं किती आणि भीतीचं किती, मला सांगता येणार नाही.

नाखवा तर सगळ्यांत मोठ्याने हसत होते. हात पुढे करून म्हणाले, "वैनी, चावी!"

इन्स्पेक्टर वाकून बघू लागला. "बाई, हे लावलंय तरी काय?"

"माशाचं तेल," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "होडीला लावतो तसं."

"अहो, ही काय होडी आहे? येडे आहात का तुम्ही कोळी लोक?"

सगळं मैदान खो खो हसलं. नाखवा मात्र हसायचे थांबले. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

"साहेब," ते म्हणाले, आणि त्या आवाजाने मांजरी सुद्धा दोन पावलं मागे सरल्या, "येडं कुनाला बोलता? आमचे बापजादे या तेलावर तरले. धूर पाइपातून येत नाय, वरच्या तेलातून येतंय. रुमाल बघा तुमचा. तेल पुसून देतो, मग बोला."

नवऱ्याला त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, नळावर गोणपाटं भिजवली आणि नव्या टोपीसकट गाडीखाली गेले. चर्र चर्र आवाज, वाफ, आणि त्या वाफेतून त्यांची बडबड: "लावलंस ते बराबर, वैनी, पन इतकं जाड? दादा असता तर बोलला असता तुला!" सासूबाई वाकून त्यांना एकेक ओलं गोणपाट देत होत्या, आणि उलट उत्तर देत नव्हत्या. हे नवल मी त्या दिवशीच बघितलं.

पुन्हा गाडी रेस झाली. धूर थोडा आला, मग विरळ झाला, मग थांबला. इन्स्पेक्टरने रुमाल खिशात ठेवला, पँटवरची वाळू झटकली आणि सही केली. "पास. पुढच्या वर्षी नुसती गाडी आणा, कालवण नको."

नाखवा काळेकुट्ट होऊन बाहेर आले. मिशा तेलाने चप्प बसल्या होत्या. मी पुन्हा हसणार होते, पण सासूबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"भावोजी, चावी पायजे?"

नाखवांनी नव्या टोपीनेच मिशा पुसल्या.

"नको," ते म्हणाले. "उद्या माझे होडीचा माल धक्क्यावरून तूच उचल."

सासूबाईंनी पदर खोचला, केबिनमध्ये चढल्या आणि दार लावून घेतलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "पहाटे तयार ऱ्हावा. मी कुनासाठी थांबत नाय."