रजेचं कारण न विचारणाऱ्या बाई

शेवटची भेट झाली तेव्हा उतेकर बाई पोलादपूरजवळच्या आपल्या गावी, घराच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, मधे हृदयानं एकदा चांगलाच दम दिलेला. पण मी पायरी चढलो तर तब्येतीचं मला विचारूच दिलं नाही. "पालख्यांचं जमलं ना रे यंदा?" हा पहिला प्रश्न. जमलं म्हटल्यावर वालाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. गप्पा मारायच्या तर हात चालू ठेव, असा त्यांचा खाक्या. संध्याकाळपर्यंत आम्ही वाल सोलले, कारखान्यातल्या एकेकाची यथेच्छ टवाळी केली... आणि महिन्याभरात बाई गेल्या.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात त्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख होत्या. मी महाडातल्या कापड दुकानदाराचा मुलगा, पुण्याहून त्याच विषयाची पदवी घेऊन आलेला. भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन, सगळ्यांच्या व्याख्या तोंडपाठ. पदवी बाईंकडेही होती, पण तिचा त्यांना जाच नव्हता. पहिल्या दिवशी मी कडक इस्त्री करून टेबलाशी बसलो, तर म्हणाल्या, उद्यापासून आठवडाभर तू कंपनीच्या बसनं यायचं, तेही वरंधहून. आता माझं घर महाडात, कारखाना हाकेच्या अंतरावर! पहाटे उठून आधी तिकडे वरंधला जायचं आणि कामगारांबरोबर परत यायचं. मनातल्या मनात मी बाईंचा पुरता उद्धार केला. पण त्या आठवड्यात कळलं, कोण डुलक्या काढतो, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कोणाच्या शब्दावर बाकीचे उठतात. पुस्तकात याला मोठं नाव आहे. बाई नुसतं 'ओळखपाळख' म्हणायच्या.

त्यांचा खरा धडा मात्र शिमग्यात मिळाला. आमच्याकडे शिमग्याला गावदेवीची पालखी घरोघर येते. पालखी दारात आणि घरधनी कामावर, हे कोणाला चालत नाही. त्यात प्रत्येक गावाचा दिवस निराळा. त्या वर्षी आलेले नवे व्यवस्थापक बाहेरचे. त्यांनी मोठ्या मनानं धुळवडीची सुट्टी सगळ्यांना दिली आणि पुढच्या रजा बंद केल्या, मयत सोडून. झालं! धुळवडीला माणसं घरी लोळली आणि पालख्या सुरू झाल्या तशा एकेकाच्या आज्या वारायला लागल्या. काही आज्या तर आदल्या वर्षीही वारल्या होत्या. वरंधचा शांताराम तेवढा वेगळा. सरळ समोर येऊन म्हणाला, "नवीन घर बांधलंय. पालखी पयल्यांदा येतेय. उद्या मी येनार नाय." आणि आला नाही. व्यवस्थापकांनी त्याला कामावरून काढायचं ठरवलं.

बाई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या, मला बरोबर घेऊन. आवाज चढवला नाही. "खोटं बोलणाऱ्यांना आपण रजा दिली," त्या म्हणाल्या, "आणि खरं बोलणाऱ्याला घरी पाठवतोय. उद्यापासून इथे खरं कोण बोलेल?" साहेब म्हणाले, बोलणं ठीक आहे, पण पाळी रिकामी राहिली तर कारखाना कोण चालवणार? तेव्हा बाईंनी सांगून टाकलं, की नाते गावची पालखी अजून व्हायची आहे. त्या दिवशी नातेच्या सगळ्यांना मी कारण न विचारता रजा देते. यंत्र थांबलं, तर शांतारामबरोबर मीही घरी जाते. बाईंच्या घरी तेव्हा मिळवत्या त्या एकट्याच होत्या.

मग त्या कँटीनमध्ये जाऊन बसल्या. वरंध आणि नाते, दोन्ही गावची माणसं गोळा केली आणि एवढंच सांगितलं, की कारण सांगू नका, तुमच्या जागी कोण येणार ते सांगा. पालखीच्या दिवशी सकाळी नातेची बस फाटकाशी आली आणि तिच्यातून फक्त ड्रायव्हर उतरला. साहेब घड्याळ बघत उभे. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, चेहरा अगदी उतरलेला. तेवढ्यात वळणावर टेम्पो दिसला. पुढे शांताराम, मागे दाटीवाटीनं वरंध. ज्यांची सुट्टी होती तेही, ज्यांची दुपारची पाळी होती तेही. "बाय, पाळी पुरी हाय," एवढं बोलून तो आत गेला. साहेब केबिनकडे वळले. शांतारामला काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे रजेच्या अर्जातला कारणाचा रकानाच गेला, आणि खरं सांगतो, आज्या वारायच्या थांबल्या.

बाई गेल्याचं त्यांच्या पुतण्यानं सकाळी फोन करून कळवलं. मी त्यांच्याच खात्याचा प्रमुख आता. दुपारी मुंबईहून वरिष्ठ यायचे होते, खुर्ची सोडता येईना. शांताराम आत आला. आता तो सुपरवायझर आहे, केस पार पांढरे झालेत. बाईंच्या गावची सगळी कधीच निघाली म्हणाला, त्यांच्या जागी माणसं उभी आहेत.

"शांताराम, मला जायला हवं रे," मी म्हटलं, "बाई मला..."

"कारन नको, साहेब," तो म्हणाला. "तुमच्या जागी मी हाय."

आणि खुर्ची ओढून बसला. मला तिथेच रडू फुटलं. त्यानं फोन स्वतःकडे घेतला आणि मला दाराकडे हात केला.