माफीचं पान

उद्यापासून दवाखान्याची नावनोंदणी वेबसाइटवर होणार होती आणि तिच्या सगळ्या चाचण्या आमच्या स्क्रीनवर हिरव्या, म्हणजे पास, दिसत होत्या. मी पर्स उचलली, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची वैशाली म्हणाली, "ताई, चाचणीपुरतं ते माफीचं पान बंद करूया का?"

आत काही बिघडलं की आमची वेबसाइट 'क्षमस्व, थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं पान दाखवते. चाचणी फक्त पान आलं का ते बघत होती, आणि माफीचं पान हेही पानच; म्हणजे आत बिघडलं असलं तरी चाचणी हिरवीच.

"सगळं लाल झालं तर?"

"होऊ दे की. उद्या पेशंटसमोर व्हायला नको."

तिने एक सेटिंग बदललं आणि स्क्रीन लाल ओळींनी भरली. मी बघतच राहिले. काम कुठून निघालं, कुठून कुठे गेलं, नेमकं कुठे अडलं, हे सगळं ते यंत्र ओळीने सांगत होतं. आपल्याला कुणी 'कसं काय' विचारलं तर आपण 'मजेत' म्हणून मोकळे होतो. इथे एवढा खरेपणा आत तयार होता आणि आम्हीच त्यावर सभ्यपणा पांघरला होता.

आडनाव रिकामं असलं की नोंदणी मोडत होती.

"आडनाव कोण रिकामं ठेवतं?" मी विचारलं.

"आमच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या नुसतं नाव सांगतात, ताई. म्हणून तर चाचणीत मी एक तसं नाव घातलं होतं."

दुरुस्ती करून आम्ही चाचणी पुन्हा चालवली. स्क्रीनवर अक्षरं उमटली: 'सोनाबाई, उद्या सकाळी दहा वाजता या.'