झाकणावरचा मतदारसंघ

शेंद्र्याच्या कंपनी बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यानं माझं आडनाव विचारून मलाही एखाद्या ढिगात टाकलं असतं. डब्याच्या झाकणावर सोललेले शेंगदाणे मांडून तो निवडणुकीचे निकाल लावायचा. हे मराठा, हे ओबीसी, हे मुसलमान, हे कुंपणावरचे. फुलंब्रीचा निकाल तर चिकलठाणा यायच्या आत लागलेला असे.

एका सकाळी झाकणावर इंग्लंड आलं. त्याचा सख्खा भाचा तिकडं खासदारकीला उभा होता.

“हे पंजाबी, हे गुजराती,” त्यानं बोटानं ढीग सारले. “पण ह्यो गोऱ्यांचा ढीग लई मोठा हाय. ह्यांच्यात जाती कोणत्या, साहेब?”

आपल्याकडे बटण दाबताना आडनाव कुणी वाचतच नाही, अशा थाटात मी म्हणालो, “त्यांच्यात जाती नसतात. ते उमेदवाराचं काम बघून मत देतात.”

त्याचं बोट थांबलं. मग गोऱ्यांचा अख्खा ढीग तोंडात टाकून सावकाश चावत म्हणाला,

“काम बघून व्हय? मंग पडला म्हणा की आमचा भाचा!”