नोटबुर्गाला खांदा नको होता

आल्प्सच्या डोंगरांतल्या आमच्या टिरोलातल्या वाडीत भर थंडीत माणूस मेलं की त्याला माळ्यावर ठेवतात. चर्च आणि दफनभूमी घळीच्या पलीकडे, आणि घळीत बर्फाचा लोट कधी उतरेल याचा नेम नाही. नोटबुर्गाचा सासरा गेला तेव्हा मात्र कुणाला धीर धरवला नाही. चौघांनी शवपेटी खांद्यावर घेतली, त्यांत तिचा नवरा. ते घळीच्या मध्यावर असताना वरून लोट आला. ती काठावर उभी होती, कडेवर लहानगा कोरबिनियान. तिच्या डोळ्यांदेखत चौघेही गेले.

त्यानंतर तिने घळच ताब्यात घेतली म्हणा ना! बर्फ पडलं की काठी घेऊन काठावर हजर. एक जण पलीकडे पोचल्याशिवाय दुसऱ्याला पाऊल टाकू देईल तर शपथ! रात्रभर वारा वाहिला असेल तर कुणालाच नाही. नवं जोडपं हातात हात घालून आलं तर खेकसायची, "पलीकडे जाऊन धरा हात! इथे धरलात तर दोघांना एकच खड्डा पुरेल." पाद्रीबाबांनाही म्हणायची, "देवाला सांगा जरा थांबायला." आम्ही हसायचो, पण ऐकायचो. ती होती तोवर घळीने पुन्हा माणूस खाल्लं नाही.

या फेब्रुवारीत तिने अंथरूण धरलं. मी शेजारी, उशाशीच बसलो होतो. ती कोरबिनियानला म्हणाली, "मला खांदा नको. गवत ओढायच्या घसरगाडीवर घाल आणि एकट्याने ओढ. दोर हातात धर, अंगाला बांधू नकोस. वर बर्फ तुटून धप्प झालं की सोडून दे. मी मेलेलीच असेन, गाढवा."

"वैरणीसारखी ओढू तुला? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. शेण थुंकता येतं, बर्फ नाही."

दोन दिवसांनी ती गेली. आम्ही पेटी माळ्यावर चढवली. मी म्हटलं, बर्फ उतरेपर्यंत राहू दे. पण पोरगा झुरायला लागला. "काका, आई वर गारठलीय आणि मी खाली चुलीशी सूप पितोय. घास उतरत नाही हो."

शेवटी वारा पडला, आकाश निवळलं, आणि आम्ही निघालो. घसरगाडी त्याने एकट्याने ओढायला घेतली. आम्ही तिघं काठावर थांबलो. तो मध्यावर पोचला आणि वर धप्प झालं.

"सोड! कोरबिनियान, सोड तिला!" मी बोंबललो.

त्याने वळून दोन्ही हात वर केले. हात रिकामे होते. तरी दोर ताणलेलाच होता, त्याच्या कोटाखालून निघालेला. मग सगळं पांढरं झालं. मला त्याचा असा राग आला, अजून येतो. मेल्या, तिने एवढं एकच मागितलं होतं रे तुझ्याकडे!

मे महिन्यात दोघं सापडली, हातभर अंतरावर. कमरेची गाठ काही केल्या सुटेना. सुरीने कापावी लागली.

तोवर घळीत गवत उगवलं होतं, बर्फाचा ठिपका नव्हता. नोटबुर्गाला आम्ही चौघांनी खांदा दिला. कोरबिनियानची पेटी काठावर ठेवलेली होती. तिची पेटी पलीकडे पोचेपर्यंत ती कुणी उचलली नाही.